बढतीसाठी संशोधन मोजायचं तर कसं?

भोगावतीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सध्या कॅसची (यूजीसीच्या बढती योजनेची) फाईल भरतेय, त्यामुळे डोकं तापलेलं आहे. सांभाळून घ्या.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात प्रोफेसर व्हायचं तर किमान १० पेपर आणि ११० संशोधन गुण लागतात. विज्ञानातल्या एका पेपरला ८ गुण, भाषा-सामाजिक शास्त्रांत १०. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ ते ५ मध्ये असला की तोच पेपर २० वर जातो. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३०. म्हणजे तुमचं नाव तिसरं असेल तर आठाचे २.४. हे सगळं तक्त्यात भरायचं, प्रत्येक ओळीला पुरावा जोडायचा.

आता माझं काम सांगते. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. तिथून खाली इचलकरंजीपर्यंत पंचगंगेच्या पाण्याचे नमुने आम्ही बी.एस्सी.च्या पोरांना घेऊन दर मोसमात काढतो. विरघळलेला प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा प्राणवायू), नायट्रेट, फॉस्फेट. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाल्यावर आकडे कसे हलतात, पावसाळ्यात कुठे धुऊन जातात, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतच दिसतं. नदीकाठच्या ग्रामपंचायती हे तक्ते आमच्याकडून मागून नेतात. जर्नलकडे पाठवलं की उत्तर ठरलेलं: विषय स्थानिक आहे, नावीन्य नाही. त्यामुळे गुण शून्य.

माझ्याच ओळखीतल्या एकांनी दुसऱ्यांचे पेपर वाचून, आठ जणांच्या नावाने नॅनोकणांवर एक आढावा लेख लिहिला. प्रयोगशाळेचं कुलूप न काढता. त्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत. त्यांच्यावर राग नाही. नियमात बसतं, त्यांनी केलं.

मोजूच नका असं मी म्हणत नाही. पण काय मोजावं आणि कुणी मोजावं, यावर तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

आकडेमोड

फाईल किती किलोची झाली ते आधी सांगा. आमच्याकडे एकांची फाईल रिक्षाने आली होती.

कोवळं_ऊन

वाचतेय. सगळ्या पानांवर सही आणि शिक्का आहे ना? नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ आहे.

निवृत्त_विभागप्रमुख

ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण मोजणी आली कशामुळे, हे तरुण मंडळींना माहीत नसतं म्हणून लिहितो.

२०१० साली एपीआय आला, म्हणजे कामाचे आकड्यांत गुण मोजायची यूजीसीची पद्धत. त्याच्या आधी बढतीच्या मुलाखती कशा व्हायच्या ते मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. विषयतज्ज्ञ कोण येणार हे आदल्या रात्रीच फुटायचं. मग फोनाफोनी. उमेदवार कुणाचा विद्यार्थी, कुठल्या गटाचा, कुठल्या संस्थाचालकाच्या गावचा, एवढं पाहून झालं की मुलाखत उरकायची. कामाचा दर्जा हा शब्द तेव्हा सगळ्यात जास्त वापरला जायचा, आणि दर्जा ठरवणारे तेच पाच जण. माझ्या एका सहकाऱ्याचे पेपर चांगल्या परदेशी नियतकालिकांत होते. त्याला तीन वेळा 'अजून परिपक्वता हवी' म्हणून परत पाठवलं. मागे कुणी उभं नव्हतं, बस्स.

एपीआय आल्यावर तोच माणूस ताठ मानेने आत गेला. हे माझे गुण, हा तुमचा नियम, आता नाही म्हणून दाखवा. आकडा आंधळा असतो हे कबूल. पण त्याला आडनावही दिसत नाही.

म्हणून आता सगळे दर्जा बघू या, आकडे फेकून द्या म्हणायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो.

आकडेमोड

सरांना +१. 'आडनाव दिसत नाही' हे फ्लेक्सवर छापण्यासारखं आहे.

मोडीवाचक

सर, आदर ठेवून असहमत. आकड्याला आडनाव दिसत नसेल, पण पाकीट दिसतं.

मी इतिहासवाला. आमच्याकडे एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र नावाचा सोहळा असतो. शनिवारी उद्घाटन, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. नोंदणी शुल्कात एक पेपर फुकट, तो आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या कुठल्यातरी नियतकालिकाच्या विशेषांकात. संपादकांनी वाचलाय का? संपादकांनी अनुक्रमणिका वाचली असेल तरी खूप. अशा अंकात मराठी संतसाहित्य, जीएसटी आणि शेळीपालन एका पानाआड एक सापडतं.

यूजीसीने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. त्यातली विद्यापीठांनी सुचवलेली नावं पुण्याच्या संशोधकांनी नमुना घेऊन तपासली. २०१८ च्या 'करंट सायन्स'मध्ये ते छापून आलं: ८८ टक्के नियतकालिकं निकषांत बसणारी नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात यादीतून ४,३०५ नावं एका झटक्यात उडवली. त्या नावांवर आधी बढती मिळालेल्यांचं काय झालं? काही नाही. ते आता दुसऱ्यांच्या फाईली तपासतात.

उलट बाजू बघा. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पडून आहेत. एक रुमाल सोडवून, वाचून, लिप्यंतर करून, तारखा लावून, टीपा देऊन छापायचा तर काही वर्षं जातात. त्यातून आलेलं संपादित पुस्तक राष्ट्रीय प्रकाशकाचं असेल तर ८ गुण. विशेषांकातल्या चार पानी लेखाला १०. मग रुमाल कोण सोडेल?

टेस्टट्यूब

मी सध्या दक्षिण कोरियात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन). मूळ भुदरगड तालुका, एम.एस्सी. आणि पीएच.डी. कोल्हापुरातच, थिन फिल्म्सवर. इथे आमच्यातले इतके जण आहेत की गणपतीत आरतीला गर्दी होते.

माझी बाजू ऐका. इथल्या प्राध्यापकांना माझं गाव माहीत नाही, माझे सर माहीत नाहीत, शिफारसपत्रावरची सही ओळखायचा प्रश्नच नाही. त्यांनी काय पाहिलं? पेपर कुठल्या जर्नलमध्ये आलेत. इम्पॅक्ट फॅक्टर नसता तर माझा ईमेल कुणी उघडला नसता. मोठ्या संस्थेतल्या मुलाला संस्थेचं नाव पुरतं. आमच्याकडे जर्नलचं नाव हाच पासपोर्ट. तो काढून घेण्याआधी दुसरा कुठला देणार ते सांगा.

फ्लेक्सचं म्हणाल तर, स्टॅनफर्डची जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी आली की गावाकडे चौकात सरांचे फोटो लागतात. आईने मला विचारलं, तू कधी लागणार?

मोडीवाचक

@टेस्टट्यूब, फ्लेक्सवर सरांचा फोटो मोठा होता की नगरसेवकांचा?

टेस्टट्यूब

भावा, हे काय विचारणं झालं?

सरासरी_आणि_मध्यक

संख्याशास्त्र शिकवते, म्हणून एका गोष्टीवर जरा सविस्तर. (वर सगळे इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतायत, पण तो काय आहे हे कुणीच सांगितलं नाही.)

यूजीन गारफील्ड यांनी ही कल्पना जर्नलं निवडायला काढली. ग्रंथपालाला पैसे थोडे, जर्नलं हजार, कुठलं घ्यायचं? हिशेब सोपा: जर्नलने मागच्या दोन वर्षांत जे लेख छापले त्यांना यंदा किती संदर्भ मिळाले, भागिले त्या लेखांची संख्या. म्हणजे ही जर्नलची सरासरी. आणि संदर्भांची वाटणी कमालीची तिरकी असते. थोड्या लेखांना भरपूर संदर्भ, बहुतेकांना नगण्य. अशा वाटणीची सरासरी घेऊन ती प्रत्येक लेखाला चिकटवणं मी एफ.वाय.च्या मुलाला केलेलं चालू देणार नाही. आपल्या नियमांनी तेच केलंय: तुमचा लेख कुणीही वाचला नसेल तरी जर्नल ५ च्या वर म्हणून तुम्हाला २५ गुण.

शिवाय दोन वर्षांची खिडकी. गणितात लेख रुजायलाच तेवढा वेळ जातो. म्हणून गणितातली उत्तम जर्नलंही पदार्थविज्ञानासमोर किरकोळ दिसतात. टेस्टट्यूबच्या विषयात तो पासपोर्ट आहे, माझ्या विषयात तो रेशनकार्डाएवढाही चालत नाही.

एच-इंडेक्सचंही तसंच (तो १० म्हणजे किमान १० संदर्भ मिळालेले १० पेपर). भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. तो कधी कमी होत नाही. निवृत्त झालात तरी वाढत राहतो. तरुणाला आणि आजोबांना एका रांगेत उभं करतो.

२०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जीवशास्त्रज्ञांच्या संमेलनात काही संपादक आणि संशोधक बसले, आणि २०१३ मध्ये जाहीरनामा आला, डोरा म्हणतात त्याला. मुख्य मागणी एकच: माणसाची नेमणूक, बढती, निधी ठरवताना जर्नलचा आकडा वापरू नका, काम वाचा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये जाहीर करून इम्पॅक्ट फॅक्टर बाजूला ठेवला. चीनमध्ये तर पेपरमागे रोख बक्षिसं द्यायचे. २०२० मध्ये सरकारनेच ती थांबवायला सांगितली.

कोवळं_ऊन

ताई, हे सगळं वाचून आमच्या प्राचार्यांना पाठवलं. त्यांचं उत्तर: 'छान. आपल्या नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) कुठल्या निकषात बसतं?'

गुऱ्हाळकर

मी काय प्राध्यापक नाही. बी.ए. करून शेतीत आलोय, गुऱ्हाळ आहे. पण धागा वाचताना हसू आलं, कारण तुमचं गुळासारखं झालंय.

मार्केट यार्डात सौदा निघतो तेव्हा व्यापारी ढेपेचा रंग बघतो. पिवळाधमक असला की भाव. काळपट असला की पडला. रंग ही चांगल्या गुळाची एक खूण होती, खोटी नव्हती. पण भाव रंगाला आहे म्हटल्यावर लोकांनी काहिलीत हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) टाकायला सुरुवात केली. रंग लई भारी येतो. खाणाऱ्याचं काय ते खाणारा बघेल. आता जो बिनरसायनाचा गूळ करतो त्याची ढेप काळपट, आणि सौद्यात मान खाली त्यानेच घालायची. कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळून बरीच वर्षं झाली, यार्डातलं गणित तेच आहे.

आता व्यापाऱ्याला सांगा, रंग बघू नको, चव बघ. तो म्हणणार, दिवसाला एवढ्या ढेपा येतात, चाखत बसू? आणि चाखणारा माझा पाहुणा असला तर?

सरासरी_आणि_मध्यक

दंडवत घ्या! आमच्याकडे याला गुडहार्टचा नियम म्हणतात. १९७५ मध्ये एका इंग्रज अर्थतज्ज्ञाने मांडला. तुमच्याकडे काहिलीसकट आहे.

निवृत्त_विभागप्रमुख

गुऱ्हाळकर, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. चाखणारा पाहुणा असला तर. मी तेच म्हणत होतो.

पन्हाळ्याचा_वारा

संख्येवर मोजलं असतं तर कापरेकरांचं काय झालं असतं? देवळालीच्या शाळेत मास्तर, पीएच.डी. नाही, लेख छोट्या नियतकालिकांत. ६१७४ ची गंमत १९४९ मध्ये शोधली: कुठलाही चार आकडी अंक घ्या (सगळे आकडे सारखे नकोत), उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. जगाला कळलं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं तेव्हा.

सरासरी_आणि_मध्यक

कापरेकर मलाही प्रिय आहेत, पण उदाहरण इथे बसत नाही. त्यांची बढती कुणी पेपर मोजून अडवली नव्हती. उलट त्या काळात दर्जा ओळखणारे तज्ज्ञच होते, आकडे नव्हते, आणि त्या तज्ज्ञांपैकी अनेकांनी त्यांचं काम करमणुकीचं गणित म्हणून बाजूला ठेवलं. म्हणजे हे उदाहरण सरांच्या बाजूने जातं.

पन्हाळ्याचा_वारा

मारली की स्वतःच्याच गोलपोस्टात. असो.

शिरोलीची_भट्टी

अवांतर विचारतो. आमची फाउंड्री आहे. ओतकामाच्या साच्यांत वापरलेल्या वाळूचं काय करायचं हा इथल्या सगळ्या फाउंड्र्यांचा प्रश्न. टाकायला जागा नाही, पुन्हा वापरायला यंत्र महाग. आसपास इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं, एवढी पीएच.डी. होतात. कुणी आमच्याकडे येऊन हा प्रश्न घेतलेला मी तरी पाहिला नाही. येतात ते इंटर्नशिपच्या पत्रासाठी.

भोगावतीकाठ

@शिरोलीची_भट्टी, अवांतर अजिबात नाही. तुमच्या वाळूवर पाच वर्षं काम करून ती विटेत वापरता आली, तर त्याचे गुण किती? पेटंट मिळालं तर राष्ट्रीय पेटंटचे ७. नाही मिळालं, नुसतीच वापरली गेली, तर शून्य.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं, त्यात २०२१ च्या फेरीत २५ टक्के भार विद्यापीठाबाहेर काय फरक पडला याला होता. विभाग लिहून देतात की या कामामुळे अमुक बदललं, हा पुरावा. असं काही आपल्याकडे हवं असं मला वाटतं.

आयक्यूएसी_पीडित

ताई, थांबा. मी आमच्या कॉलेजची आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) सांभाळतो, म्हणून पुढचा सिनेमा मला आधीच दिसतो. बाहेर पडलेल्या फरकाला गुण आले की दुसऱ्या दिवशी शिरोलीच्या साहेबांच्या केबिनबाहेर प्राध्यापकांची रांग. 'साहेब, तुमच्या लेटरहेडवर एक पत्र द्या की, आमच्या संशोधनाचा फायदा झाला म्हणून.' मजकूर आम्हीच टाइप करून आणणार.

शिरोलीची_भट्टी

रांग आत्ताच आहे. सामंजस्य करारांची पत्रं दिलीत मी ढीगभर. एका कॉलेजचा फोटो काढायला आलेला पोरगा तीनदा म्हणाला, 'सर, हात मिळवताना कॅमेऱ्याकडे बघा, जिओटॅग घ्यायचाय.' तेवढाच काय तो सामंजस्याचा भाग.

आयक्यूएसी_पीडित

तरी नव्या घडामोडी लिहून ठेवतो, कारण वर कुणी लिहिल्या नाहीत.

२०१९ मध्ये यूजीसीची मान्य नियतकालिकांची नवी यादी, केअर, आली, पुण्यात तयार व्हायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. आता नियतकालिक चांगलं की नाही ते संस्थेनेच ठरवायचं, सूचक निकष दिलेत. माझ्याकडे रोज विचारणा: 'सर, हे चालेल का?' मी कोण ठरवणार? मी वाणिज्य शिकवतो!

पीएच.डी.चा प्रबंध द्यायच्या आधी पेपर छापायची सक्ती २०२२ च्या नियमांत काढली. हे मात्र चांगलं झालं. त्या सक्तीवर किती नियतकालिकं जगत होती देव जाणे.

जानेवारी २०२५ च्या मसुद्यात गुणांचा तक्ता काढून नऊ प्रकारची उल्लेखनीय योगदानं दिली होती, त्यातली किमान चार हवीत. भारतीय भाषांतलं अध्यापन, समाजाशी जोडलेलं काम, स्टार्टअप असं बरंच. ताईंचं नदीचं काम तिथे बसू शकेल. पण 'उल्लेखनीय' कुणी म्हणायचं? निवड समितीने. सरांच्या पोटातला गोळा मला आता समजतोय.

आणि एनआयआरएफने (शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी) २०२५ पासून मागे घेतलेल्या पेपरांना उणे गुण ठेवलेत. हिंदावी या प्रकाशनसंस्थेने २०२३ मध्ये आठ हजारांवर पेपर मागे घेतले, त्यानंतर सगळ्यांना जाग आली.

आकडेमोड

उणे गुण म्हणजे पेपर छापून मागे घेणाऱ्यापेक्षा न छापणारा वर. आयुष्यात पहिल्यांदा माझा नंबर वर सरकला.

सीएचबी_कायमचा

मोठ्या लोकांत बोलतोय, माफ करा. तासिका तत्त्वावर शिकवतो, नेट-सेट दोन्ही, पीएच.डी. झालीय. तुमची चर्चा बढतीची आहे. आमचं शॉर्टलिस्टिंगही पेपरांच्या गुणांवरच होतं. तासाप्रमाणे मिळणाऱ्या पैशातून नियतकालिकांचं शुल्क आम्ही भरतो. चांगल्या जर्नलमध्ये लेख खुला ठेवायचा तर हजारो डॉलर, म्हणून स्वस्तातलं शोधतो, आणि मग तेच बोगस निघतं. 'एक देश एक सदस्यता'मुळे जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांत सुमारे तेरा हजार जर्नलं वाचायला मिळायला लागली म्हणतात. वाचायला. छापायचं आमचं आम्हीच.

निकष काहीही ठेवा, पण जाहिरात निघाल्यावर बदलू नका एवढीच विनंती.

भोगावतीकाठ

@सीएचबी_कायमचा, माफी कसली मागता. धाग्यात सगळ्यात नेमकं तुम्हीच लिहिलंत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. सगळं वाचून माझं मत थोडं सरकलंय. सरांशी मी सहमत आहे की समितीच्या हातात मोकळा दर्जा दिला तर पुन्हा गटबाजी. पण आजचा आकडा ती थांबवतो असंही नाही. तो गटबाजीला विशेषांकाची पावती देतो. मला तीन गोष्टी एकत्र हव्यात. उमेदवाराने स्वतःची पाचच कामं निवडून द्यावीत, त्यात नोंदसंच, संपादित कागद, वापरात आलेलं तंत्र काहीही चालेल, आणि प्रत्येकाबद्दल दीड पान लिहावं. ती कामं खरोखर वाचणारे दोन जण विद्यापीठाच्या हद्दीबाहेरचे असावेत. आणि त्यांनी काय वाचलं, का हो किंवा का नाही, हे लेखी कारणासकट उमेदवाराला मिळावं. सही असलेल्या कारणावर अपील करता येतं, 'परिपक्वता हवी' यावर येत नाही.

टेस्टट्यूब

पाच कामांना माझी हरकत नाही. मीच माझे पाच सोडून बाकीचे कुणाला दाखवत नाही. फक्त सगळ्यात खालच्या पायरीवर, पहिल्या नोकरीच्या चाळणीत हजार अर्ज असतात. तिथे कुणी पाच कामं वाचणार नाही. तिथे आकडा राहणारच.

ताई, पाण्याचे आकडे झेनोडोवर (संशोधनाचा खुला ऑनलाइन साठा) टाका, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, पैसे लागत नाहीत. निदान जे वापरतील त्यांना संदर्भ द्यावा लागेल. स्तंभांची मांडणी मी बसवून देतो.

मोडीवाचक

मोडीचे तक्तेही तिथे टाकता येतील का? वेगळा निरोप पाठवतो.

निवृत्त_विभागप्रमुख

ताई, लेखी कारण ही कल्पना मला पटली. आमच्या वेळी कारण तोंडी असायचं, तेही चहा पिताना. पण बाहेरचे दोघे कोण निवडणार? कुलगुरूंनी निवडले तर फोन पुन्हा आदल्या रात्री.

सरासरी_आणि_मध्यक

चिठ्ठी टाका. राज्यभरातल्या विषयतज्ज्ञांची यादी जाहीर ठेवायची, त्यातून यदृच्छ निवड. नावं उमेदवाराला नंतरच कळतील. यदृच्छतेला कुणाचा फोन लागत नाही.

निवृत्त_विभागप्रमुख

यादीत कुणाला घ्यायचं हे कोण ठरवणार ते राहिलंच. तरी हे आजच्यापेक्षा बरं आहे, मान्य.

आयक्यूएसी_पीडित

कल्पना मंजूर. फक्त गडचिरोलीहून चिठ्ठीत निघालेले तज्ज्ञ कोल्हापूरला आले की त्यांचा टीए-डीए विद्यापीठ देणार की कॉलेज, एवढं त्या दीड पानात लिहून ठेवा. मागच्या समितीचं बिल अजून माझ्या टेबलावर आहे.